क्रूझवर लहान मुलं, आणि लक्ष कोण ठेवणार?

मी समुपदेशन करते, आणि दिवाळीच्या सुट्टीची बुकिंगं सुरू झाली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. आधी केरळ, राजस्थान असायचं, आता क्रूझ असतं. कुणीतरी मित्राचे फोटो बघितलेले असतात, मुंबईहून जहाज सुटतं, गोव्याला नाहीतर लक्षद्वीपला जाऊन येतं, खाणंपिणं सगळं आतच, आणि घरातली एक बाई नको म्हणते, बहुतेक वेळा जिच्या कडेवर बाळ असतं तीच. मग सगळे तिला समजावतात आणि समजावून जमलं नाही की चिडवायला लागतात. अशाच एका केसबद्दल लिहितेय, तिला विचारून लिहितेय आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदललेत.

तिला आपण वैशाली म्हणू. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं घर, मोठा मुलगा साडेचार वर्षांचा, धाकटी चौदा महिन्यांची. सासरे रिटायर झाले म्हणून पुण्याच्या दिरानं सगळ्यांचं ठरवलं, सासू-सासरे, दीर-जाऊ आणि त्यांची दोन मोठी मुलं, नणंद आणि हे चौघं, मुंबई-गोवा-मुंबई. ती नवऱ्याबरोबर आली आणि बोलायला सुरुवात नवऱ्यानंच केली. "मॅडम, अख्खं घर निघालंय, पैसे भरायची तारीख आलीय आणि ही रात्री दोनला उठून मोबाइलवर जहाज बुडाल्याचे व्हिडिओ बघत बसतीय. हिला जरा समजावून सांगा की."

मी त्याला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

तो गेल्यावर ती म्हणाली की चपाती लाटताना, धाकटीला आंघोळ घालताना, कधीही अचानक डोळ्यासमोर येतं, बाळ कठड्यावरून खाली जातंय आणि माझा हात पोचत नाहीये. "मॅडम, मला वेड लागायलंय काय?" हे विचारताना ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

लहान बाळाच्या आयांनो, हे नीट वाचा. बाळाला काहीतरी होतंय असं चित्र नको असताना डोळ्यासमोर येणं खूप आयांच्या बाबतीत घडतं, बापांच्याही, फक्त कुणी बोलत नाही. असा विचार आला म्हणजे तसं होणार आहे असा काही संकेत नसतो आणि आई वाईट आहे असंही नसतं. पण त्या चित्रावर उतारा म्हणून आपण जे करतो त्यानं ते वाढतं. वैशाली व्हिडिओ बघायची ते "काय काळजी घ्यायची ते कळेल" म्हणून, दहा मिनिटं बरं वाटायचं आणि मग आधीपेक्षा मोठी भीती. नवऱ्याला दहादा विचारणं, "काही होणार नाही ना?", हाही तोच प्रकार. म्हणून पहिलं काम हे दिलं की रात्री जेवण झाल्यावर फोन स्वयंपाकघरात ठेवायचा, आणि चित्र आलं की त्याच्याशी भांडायचं नाही, आलंय तर आलंय, हातातली चपाती पुरी करायची. (झोप, जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल, बाळाला क्षणभर कुणाकडे देता येत नसेल किंवा स्वतःचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर मात्र समुपदेशनावर थांबू नका, सायकियाट्रिस्टला भेटा, लवकर भेटा. वैशालीचं तिथपर्यंत गेलेलं नव्हतं.)

आता जहाजाचं. जी भीती माहितीनं कमी होते तिला माहिती द्यावी, उगाच मनाच्या खोलात शिरू नये असं माझं मत आहे. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाज खडकाला धडकलं आणि ३२ माणसं गेली, वैशालीनं त्याचेच व्हिडिओ सगळ्यात जास्त बघितले होते. त्या जहाजावर नुकत्याच चढलेल्या बऱ्याच लोकांचं सेफ्टी ड्रिल, म्हणजे संकटात काय करायचं त्याची तालीम, झालेलंच नव्हतं कारण तेव्हा ते २४ तासांत केलं तरी चालायचं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला, २०१५ पासून जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ड्रिल घ्यावंच लागतं. त्यामुळे ड्रिलला फोटो काढत बसू नका, मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट कुठंय ते तिथंच विचारून घ्या. कठडा मोठ्या माणसाच्या कमरेच्या वर असतो, मूल जमिनीवर उभं असेल तर त्यावरून जात नाही, ते जातं खुर्चीवर चढून. म्हणून साडेचार वर्षांचं माकड बरोबर असेल तर बाल्कनीची रूम घेऊच नका, खिडकीची घ्या, पैसेही वाचतात. शक्यतो जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची घ्या, तिथं हेलकावा कमी जाणवतो.

उलटीचंही तिनं विचारलं. मी विचारलं गगनबावड्याच्या घाटात पोरगा काय करतो? तर म्हणे पिशवी हातातच धरून बसावं लागतं. मग त्याला बोटीवरही होऊ शकतं. साधारण दोन वर्षांपासून बारापर्यंतच्या मुलांना हा त्रास जास्त होतो, दोनच्या आतल्या बाळांना सहसा होत नाही. घाटात जाताना आपल्याकडे मोठ्यांच्या गोळीचा तुकडा करून पोरांना द्यायची पद्धत आहे, ते करू नका. त्यातल्या प्रोमेथाझिनच्या गोळ्या दोन वर्षांखाली द्यायच्याच नसतात, श्वासाला धोका असतो, आणि मोठ्या मुलालासुद्धा वजन बघून डॉक्टरच डोस सांगतील. पावसाळ्यात आपल्या बाजूचा समुद्र खवळलेला असतो, दिवाळीनंतर सहसा शांत असतो, त्यामुळे त्यांची वेळ बरोबर होती.

बाकी भराभर सांगते. सहा महिन्यांखालच्या बाळाला बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. किड्स क्लब, म्हणजे जहाजावर मुलांना खेळवतात ती जागा, साधारण तीन वर्षांपासून आणि डायपर सुटलेलं असेल तर, म्हणजे वैशालीची धाकटी तिथं जाऊच शकणार नव्हती, आणि डायपरवालं बाळ बहुतेक जहाजांवर पूलमध्येही चालत नाही. हे बुकिंगच्या आधी विचारायचं असतं, तिच्या दिरानं विचारलेलं नव्हतं, "पोरांसाठी सगळं आहे तिथं" एवढंच त्याला माहीत. जेवायच्या आधी हात साबणानंच धुवा, जहाजांवर उलट्या-जुलाबाचा जो नोरोव्हायरस पसरतो त्याला सॅनिटायझर पुरत नाही. आणि महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर जाऊन सकाळी उतरून तसंच बॅलार्ड पिअर गाठायचा प्लॅन असेल तर लहान मुलांना घेऊन नको, एक दिवस आधी पोचा.

हे सगळं ऐकून ती शांत झाली पण मोकळी झाली नाही. म्हणून मी तिला विचारलं, समजा पूलपाशी सगळे बसलेत, धाकटी तिथंच रांगतेय, तिच्याकडे कोण बघत असेल?

"मीच की," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

मग मे महिन्यातलं बाहेर आलं. राधानगरीकडं मामेसासऱ्यांच्या शेतावर सगळे जमलेले, मटण शिजत होतं, दहा-बारा मोठी माणसं, आणि मोठा मुलगा शेततळ्याच्या काठावर गेला. शेततळ्याचा तो प्लास्टिकचा कागद किती निसरडा असतो ते ज्यांच्या शेतात आहे त्यांना माहितीय, आत गेलेल्या मोठ्या माणसालासुद्धा वर चढता येत नाही. तिनं धावत जाऊन दंड धरून ओढला. परत आली तर सासूबाई म्हणाल्या कुठं काय झालं, आणि नवरा म्हणाला सगळे होते की तिथं.

सगळे होते तिथं! मला विचाराल तर एकत्र फिरायला जाणाऱ्या घरांत सगळ्यात धोक्याचं वाक्य हेच आहे. दहा माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय, आणि बुडणारं मूल ओरडत नाही, हात मारून पाणी उडवत नाही, गप आत जातं, मिनिटभराच्या आत. त्यामुळे आवाज आला की बघू असं पाण्याच्या बाबतीत चालत नाही. वैशालीच्या अंगाला हे कळलेलं होतं, घरात कुणी ते मान्य केलं नव्हतं, म्हणून तिची भीती जहाजावर जाऊन बसली होती.

पुढच्या वेळी मी घरच्यांना बोलावलं. सासूबाई आल्या त्या रागातच. "आम्ही काय पोरं वाढिवली न्हाईत व्हय?" मी म्हटलं, काकू, वाढवलीत म्हणून तर तुमची पाळी कुठली ते विचारतेय. कागद काढला आणि वेळा लिहिल्या. पाण्याजवळ किंवा डेकवर असताना एका वेळी एकच माणूस जबाबदार, अर्धा तास, त्या वेळात फोन नाही, गप्पा नाहीत, पिणं तर नाहीच, आणि मूल हात लांब केला की लागेल एवढ्या अंतरावर. ज्याची पाळी त्याच्या गळ्यात शिट्टी. शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय उठायचं नाही, आणि घालताना तोंडानं बोलायचं, "आता तुझ्याकडे." नवऱ्यानं दोन्ही संध्याकाळी धाकटीला रूममध्ये झोपवायचं आणि वैशालीनं शो बघायचा, हे त्यानं स्वतः लिहिलं. सासरे तोपर्यंत गप्प होते, ते म्हणाले पहाटेची माझी, मी तसाही पाचला उठतो.

त्या कागदावर सहा नावं झाली तेव्हा तिनं हो म्हटलं. त्याआधी तिला हो म्हणायला लावलं असतं तर ती गेली असती, पण दोन दिवस दोन्ही पोरांना मुठीत धरून बसली असती आणि घरानं परत तिलाच बोल लावला असता.

आल्यावर भेटली. पोराला दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा उलटी झाली, मग डेकवर वाऱ्यात बसून लांब क्षितिजाकडं बघत बसल्यावर बरं वाटलं. धाकटी पहिल्या रात्री झोपलीच नाही. दिरानं एकदा शिट्टी टेबलावर ठेवून उठायला बघितलं तर नणंद त्याच्यावर सगळ्यांसमोर ओरडली, वैशालीला काही बोलावं लागलं नाही, आणि हे सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता. चित्रं अजून येतात पण कमी, आणि ती त्यांच्यामागं जात नाही.

परत जाशील का, मी विचारलं. म्हणाली धाकटी तीन वर्षांची होऊ दे, किड्स क्लबमध्ये घेतील तेव्हा बघू, आत्ता तिच्यासाठी तिथं काहीच नव्हतं, आणि मलाही तिचं पटलं. ज्या घरात कागदावर दुसरं नाव लिहायला कुणी तयार नसेल त्या घरातल्या आईला तर मी सरळ सांगते, यंदा नको म्हण, आणि का नको तेही त्यांना सांग.