फोन दोनदाच आला

पोरी,

न्यायाधीशांच्या निवड यादीत तुझं नाव दिसलं आणि तासाभरात तुझा फोन. मागे तांड्यावरचं डफडं इतकं जोरात की निम्मं बोलणं मला कळलंच नाही. पण दोन प्रश्न नीट ऐकू आले. पहिला, "मॅडम, वरून फोन आला तर काय करायचं?" आणि दुसरा, जरा आवाज उतरवून, "वकिलांच्या बाररूममध्ये आत्तापासूनच बोलतायत, कोट्यातून आली म्हणून." फोनवर उत्तरं देण्यासारखे प्रश्न नव्हते, म्हणून लिहिते आहे.

आधी फोनचं. न्यायाधीश म्हणून एकतीस वर्षांच्या नोकरीत तसा फोन मला दोनदाच आला. दोन्ही वेळा "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, मला बोलता येणार नाही" एवढंच म्हटलं, ठेवून दिला आणि दुसऱ्या दिवशी जिल्हा न्यायाधीशांना लेखी कळवलं. पुढे काही झालं नाही. राज्यघटनेच्या कलम २३५ प्रमाणे तुझ्यावरचं नियंत्रण उच्च न्यायालयाचं आहे. तुझी बदली कुठल्या मंत्र्याच्या टेबलावर होत नाही. तालुक्यातला आमदार, प्रांत, डीवायएसपी यांपैकी कुणीही तुझा साहेब नाही, हे पहिल्या दिवशी स्वतःला बजाव आणि निर्धास्त राहा.

फोन दोनदा आला, चहा मात्र रोज आला. तू रुजू होशील तेव्हा क्वार्टरचा नळ गळत असेल. कुणीतरी वकील म्हणेल, "मॅडम, आमचा प्लंबर पाठवतो." प्लंबर येईल, काम करील आणि पैसे घेणार नाही. मग त्यांच्याकडच्या गणपतीचं आमंत्रण. सहा महिन्यांनी तेच वकील मुदत मागायला उभे राहतील आणि तू "अर्ज मंजूर" लिहिशील. त्याच दिवशी दुसऱ्या कुणाला "शेवटची संधी, खर्च रुपये दोनशे." तुझ्या लक्षातसुद्धा यायचं नाही. कुणी विचारलं तर शपथेवर सांगशील की मी एक पैसा घेतला नाही, आणि ते खरंच असेल. प्लंबरला पैसे दे, पावती घे. माणूसघाणी म्हणतील, म्हणू देत.

रामशास्त्र्यांची गोष्ट तुला सत्काराच्या प्रत्येक भाषणात ऐकायला मिळेल, ती मी सांगत नाही. २८ एप्रिल १९७६ ची सांगते. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येते का, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. नऊ उच्च न्यायालयांनी येते म्हणून सांगितलं होतं. पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी नाही म्हटलं. एकट्या हंसराज खन्नांनी वेगळा निकाल लिहिला आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून मिर्झा हमीदुल्ला बेग सरन्यायाधीश झाले. खन्नांनी राजीनामा दिला.

खन्नांचं कौतुक सगळेच करतात. मी मात्र त्या चौघांचा जास्त विचार करते. त्यांत आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते आणि पी. एन. भगवती होते, ज्यांनी पुढे जनहित याचिकेचं दार गोरगरिबांना उघडून दिलं. ही काही विकली गेलेली माणसं नव्हती. हुशार, अभ्यासू, सज्जन माणसं होती. भगवतींनी फार उशिरा, म्हातारपणी, चूक झाल्याचं जाहीर बोलून दाखवलं. चंद्रचूडांचा निकाल २०१७ साली त्यांच्याच मुलाने, धनंजय चंद्रचूडांनी, चुकीचा ठरवला. सज्जनपणा पुरत नाही, हे मला खन्नांपेक्षा या चौघांनी शिकवलं.

आता कोट्याचं. तुला टोमणा मारणाऱ्याला एक हिशेब विचार. मुंबई उच्च न्यायालय १८६२ साली सुरू झालं आणि तिथे पहिली बाई न्यायाधीश झाली १९७८ साली, सुजाता मनोहर. एकशे सोळा वर्षं. सर्वोच्च न्यायालयात फातिमा बीवी आल्या १९८९ मध्ये. तिथे ना तेव्हा आरक्षण होतं ना आज आहे. मग एकशे सोळा वर्षं तिथे फक्त पुरुषच बसत होते, तो कोणता कोटा? (प्रत्यक्षात विचारू नकोस हं. तू आता कोर्ट आहेस, बाररूमशी वाद घालायचा नाही. मनात विचार.)

पण वेगवेगळ्या घरांतली माणसं त्या खुर्चीत का हवीत, याचं खरं उत्तर या आकड्यांत नाही. ते देसाईगंजच्या खटल्यात आहे. देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात येतं, तेव्हा चंद्रपूर. १९७२ साली रात्री पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. आरोपी ठाण्यातलेच दोन पोलीस. हा खटला अजून तिच्या नावाने ओळखतात, पण मी ते लिहीत नाही. तूही कधी अशा मुलीचं नाव निकालात येऊ देऊ नकोस. १९७४ साली सेशन्स कोर्टाने दोघांना सोडलं. १९७६ साली नागपूर खंडपीठाने दोषी धरलं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं, कारण अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, तिने आरडाओरड केली नव्हती.

कागद तिन्ही कोर्टांत तेच होते. मुलगी गप्प राहिली, हेही तिन्हीकडे तेच. नागपूरला त्या गप्प राहण्यात लाचारी दिसली, बाकी दोन ठिकाणी संमती. रात्रीच्या वेळी, दार लावलेल्या ठाण्यात, खाकी वर्दीपुढे गरीब आदिवासी मुलगी का ओरडत नाही, हे कुठल्या कायद्याच्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ते ठाऊक असावं लागतं, नाहीतर ठाऊक असणाऱ्याला विचारावं लागतं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे १९८३ साली कायदा बदलला.

म्हणून तू तांड्यावरची आहेस आणि बाई आहेस, एवढ्याने आपोआप न्यायी होशील असं समजू नकोस. मीही बाईच होते. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात माझी पहिली नेमणूक. मोटारपंप चोरल्याच्या आरोपाखाली एका पारधी माणसाला पोलिसांनी आणलं. मी जामीन दिला, पंधरा हजार आणि तेवढ्याच रकमेचा लायक जामीनदार. निकाल उदार वाटला मला! मग दर चौदा दिवसांनी तो तुरुंगातून यायचा आणि मी वॉरंटवर पुढची तारीख टाकून सही करायची. पाच महिने. शेवटी आमचा पट्टेवाला चेंबरमध्ये फाईल ठेवता ठेवता म्हणाला, "मॅडम, त्याच्याकडं रेशनकार्ड बी नसंल. सातबारावाला कोण उभा राहणार त्याला?" माझ्या माहेरी सातबारा कपाटात असायचा. मला वाटे, सगळ्यांच्याच घरी असतो. त्याच दिवशी जामीनदाराशिवाय, नुसत्या जातमुचलक्यावर सोडला.

लाज वाटली ती दुसऱ्या कारणाने. मोतीराम गवंड्याचा निकाल मी परीक्षेसाठी पाठ केला होता. १९७८ चा, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती कृष्णा अय्यरांचा. मध्य प्रदेशातल्या मॅजिस्ट्रेटने गरीब गवंड्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तोही नाकारला, त्यावर त्यांनी किती कडक लिहिलंय! दहा मार्कांचं उत्तर मी लिहिलं होतं त्यावर. २०२३ पासून तर सर्वोच्च न्यायालयाने घालूनच दिलंय की जामीन होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. तू मात्र त्यांच्या पत्राची वाट पाहू नकोस. कोर्टाच्या शिरस्तेदाराकडून दर सोमवारी यादी माग: जामीन झालाय पण आत आहे, असे कोण.

तुझी चूक माझ्यापेक्षा वेगळी असेल. तांड्यावरचा पक्षकार समोर आला की तुझ्या तोंडून गोरमाटी, तुमची बंजारा बोली, निघेल. निघू देऊ नकोस. साक्षीदाराला मराठी येत नसेल तर दुभाषा बोलाव, तुला प्रत्येक शब्द कळत असला तरी. दुभाषाने चुकीचं सांगितलं तर थांबव, सगळ्यांसमोर दुरुस्त कर. समोरच्या पक्षाला डायसवर चाललेलं सगळं समजलं पाहिजे. मॅडम त्यांच्या भाषेत काय बोलल्या, असं घेऊन तो घरी गेला की तुझा निकाल कितीही बरोबर असो, त्याच्यापुरता तो संपला.

आणि रविवारचा रिमांड. संध्याकाळी पोलीस आरोपीला घरी आणतील. तो फाटकाजवळ उभा, हवालदार कागद घेऊन व्हरांड्यात. रोजनाम्यात ठरलेली ओळ असते, "आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही." ती लिहिण्याआधी हवालदाराला फाटकाबाहेर पाठव. आरोपीला दिव्याखाली बोलाव, सदरा वर करायला सांग, आणि "तक्रार आहे का" असं न विचारता "मारलं का" असं विचार. "तक्रार" म्हटलं की माणसं मान हलवून नाही म्हणतात.

उत्तनच्या न्यायिक अकादमीत प्रशिक्षणाला पावसाळ्यात गेलीस तर समुद्राच्या हवेने काही वाळत नाही, काळा कोट एक जास्त ने. तुझ्या भावाबरोबर माझा स्टीलचा थर्मास पाठवते आहे. दोन कप चहा मावतो, चार तास गरम राहतो. झाकणाचा रबर सैल झालाय, पिशवीत आडवा ठेवू नकोस, फायलींवर सांडतो.

तुझी,
मॅडम