बगदादचा अब्बासी खलिफा हारून अल-रशीद याने दोन्ही मुलांकडून शपथपत्रं लिहून घेऊन काबागृहात टांगली होती, मग अमीन आणि मामून यांच्यात यादवी का झाली?

करार ढिला होता म्हणून नाही, जरा जास्तच कडक होता म्हणून.

802 च्या हजला मक्केत जे ठरलं ते असं: अमीनला खिलाफत, त्याच्यामागून मामूनला. पण बापाच्या पश्चात खुरासान (इराणच्या पूर्वेकडचा मोठा प्रांत) लगेच मामूनकडे. तिथले अधिकारी अमीनने बदलायचे नाहीत, महसुलात हात घालायचा नाही, मामूनला बगदादला बोलावून घ्यायचं नाही. शर्त मोडली तर खिलाफतीवरचा हक्क गेला. (तिसरा मुलगा कासिम याला जझीरा, म्हणजे इराकच्या उत्तरेकडचा प्रदेश, आणि बायझंटाइन सरहद्द. त्याला अमीनने सहज बाजूला सारलं.)

ओळीने दोन वारस नेमायची रीत जुनीच, आणि दर वेळी ती एकाच जागी मोडायची: गादीवर बसलेल्याला भावाऐवजी पोटचा मुलगा हवा असायचा. हारूनचा आजा खलिफा मन्सूर याने पुतण्या ईसा इब्न मूसाला मागे ढकलून मुलगा महदीला पुढे आणलं. पुढे महदीने एक कोटी दिरहम आणि जमिनी देऊन ईसाचा उरलासुरला हक्कही सोडवून घेतला. खुद्द हारूनवर त्याच्याआधी खलिफा असलेला भाऊ हादी याने हाच दबाव आणला होता. 786 मध्ये हादी अचानक मेला म्हणून हारून सुटला. मामूनची अशी गत होऊ नये म्हणून हारूनने त्याला स्वतःचा प्रांत, स्वतःचा महसूल दिला. ईसाकडे हे काही नव्हतं, म्हणून ते प्रकरण पैशावर मिटलं. इथे लढाईशिवाय मिटायची सोयच उरली नाही.

809 मध्ये हारून खुरासानातल्या तूसला वारला. सोबतचं सैन्य आणि खजिना मामूनला मिळावा ही त्याची इच्छा, पण त्याचा वजीर फज्ल इब्न रबी याने दोन्ही बगदादला परत नेलं. खुरासानची राजधानी मर्व इथे मामूनजवळ उरला तो प्रांत आणि फज्ल इब्न सहलसारखा धूर्त सल्लागार.

810 मध्ये अमीनने शुक्रवारच्या खुतब्यात (नमाजाच्या वेळच्या प्रवचनात) आपल्या लहानग्या मुलाचं, मूसाचं, नाव घालायला लावलं. मामूनने बगदादची डाक तोडली, नाण्यांवरून अमीनचं नाव काढलं. त्या काळात बंड ओळखायचं ते याच खुणांवरून. तलवार नंतर निघते. अमीनने काब्यातली शपथपत्रं मागवून फाडली. मजकूर मात्र अरबी इतिहासकार तबरीच्या इतिहासात शाबूत आहे, मुळातून वाचण्यासारखा.

811 मध्ये अमीनचा सेनापती अली इब्न ईसा सुमारे 40,000 फौज घेऊन निघाला आणि रय्यजवळ (आजच्या तेहरानलगत) मामूनचा सेनापती ताहिर याच्या जेमतेम चार-पाच हजारांपुढे मारला गेला. मग बगदादला वेढा पडला. वर्षाहून जास्त चाललेल्या या वेढ्यानंतर सप्टेंबर 813 मध्ये अमीन होडीतून निसटू पाहत होता. होडी तिग्रिसमध्ये उलटली, तो पकडला गेला आणि त्याच रात्री त्याला ठार केलं.

‘अरब आईचा अमीन विरुद्ध इराणी आईचा मामून’ ही सोपी मांडणी मला पटत नाही. अमीनची मुख्य फौज म्हणजे बगदादचे ‘अब्ना’. अब्बासी घराण्याला सत्तेवर आणणाऱ्या क्रांतीत खुरासानहून आलेल्या सैनिकांचीच ती मुलं-नातवंडं.