पडलेली खोडे आणि भुंगेरे

प्रश्न : जुन्या जंगलात पडलेली खोडे भुंगेरे पोखरतात. ती हटवल्यास बाकीची झाडे वाचतील का?

उत्तर : नाही, उलट जंगलाचेच नुकसान होईल. साल पोखरणाऱ्या काही जाती जिवंत झाडे मारतात हे खरे. पण कुजक्या लाकडावर जगणारे बहुतेक भुंगेरे निरोगी झाडाच्या वाटेला जात नाहीत. त्यांच्या अळ्या लाकडात बोगदे कोरतात, त्यांतून पाणी व बुरशी आत शिरते आणि खोडात अडकलेली पोषकद्रव्ये हळूहळू मातीत परततात. हे काम सावकाशीचे आहे: हरणाच्या शिंगांसारखे जबडे असलेल्या युरोपीय भुंगेऱ्याची अळी कुजके लाकूड खात ३ ते ७ वर्षे वाढते, त्यामुळे खोड उचलले की तिची अख्खी पिढीच जाते. सुतारपक्ष्यांचे काही अन्नही अशा अळ्यांतून येते.