मशिदी बघायला सुरुवात करताय? आधी एवढंच

जरूर बघा. जुन्या नाशकात चौक मंडई, दूध बाजार पायीच फिरा. मुघलकाळात शहराचं नाव गुलशनाबाद होतं, तेही डोक्यात असू द्या.

नवख्यांची नेहमीची गल्लत म्हणजे दर्गा आणि मशीद एकच समजणं. दर्ग्यात मजार, म्हणजे संताची कबर असते. बडी दर्गा पाहून ‘मशीद झाली’ म्हणू नका, हो!

दुसरी चूक, फक्त घुमट-मिनार शोधणं. इ.स. ६२२च्या हिजरतीनंतर, म्हणजे मक्केहून मदिनेला झालेल्या स्थलांतरानंतर, मदिनेत पैगंबरांनी उभारलेल्या मशिदीला मिनार नव्हताच. कच्च्या विटांच्या भिंती, खजुराच्या खोडांचे खांब. तिथेच नमाज, मसलती, शिकवणी आणि बेघरांचा मुक्कामही. म्हणून इमारतीइतकीच तिथली माणसांची ये-जा बघा.

आत गेल्यावर एवढं ओळखा:
- मेहराब: मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीत
- मिंबर: खुतब्यासाठीच्या, म्हणजे प्रवचनासाठीच्या पायऱ्या
- वुजूची जागा: नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्यासाठी हौद किंवा नळ

शुक्रवारची दुपार टाळा, जुम्म्याची गर्दी असते. आधी विचारून जा, बायकांनी तर नक्कीच. सगळीकडे सोय नसते. चपला बाहेर. नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नका. फोटो विचारूनच.

शिलालेख, फारसी वगैरेच्या नादी आत्ताच लागू नका.