मुक्काम वीस महिन्यांचा, हप्ते चोवीस

जर्मनीतल्या स्टुटगार्टहून एका वाचकाचं पत्र आलंय. मूळचे पुण्याचे, वाहन उद्योगात अभियंता. कंपनीने तीन वर्षांसाठी पाठवलंय. त्यातले सोळा महिने झाले, वीस उरले. पत्नीने पुण्यातली नोकरी सोडली, सध्या घरी असतात आणि जर्मन शिकतात. ते लिहितात:

"पहिला हिवाळा आम्ही दोघांनी एका लॅपटॉपसमोर काढला. आता जरा नीट राहायचं ठरवलंय. ६५ इंची टीव्ही आणि साउंडबार १,४५० युरो, ट्रेडमिल १,१००, गेमिंग कन्सोल आणि खेळ ६००, दोघांची स्मार्ट घड्याळं ६५०, टॅब्लेट ५००. एकूण ४,३००. दुकानदार शून्य टक्क्यावर २४ हप्ते करून देतोय, महिना १७९ युरो. भारतात म्युच्युअल फंडात आमची दरमहा १८,००० रुपयांची एसआयपी आहे, ती दोन वर्षं थांबवली की हप्ता सुटतो. निघताना सामान घेऊन येऊ, नाहीतर विकू. खात्यात अडीच हजार युरो शिल्लक आहेत, घराचं मूळ भाडं १,१५०. बरोबर चाललंय ना?"

आधी हप्त्यांचंच बघू. मुक्काम उरलाय वीस महिन्यांचा आणि हप्ते आहेत चोवीस. म्हणजे टीव्ही विकून, घराच्या चाव्या देऊन तुम्ही पुण्यात पोचलेले असाल आणि विकलेल्या टीव्हीचा हप्ता चार महिने जातच राहील. तेवढ्यासाठी तिकडचं बँक खातं चालू ठेवायचं, त्यात पैसे ठेवायचे. शून्य टक्के व्याज असलं तरी ते कर्जच असतं, त्याची नोंद शुफाकडे, म्हणजे पतनोंदी ठेवणाऱ्या तिकडच्या संस्थेकडे होते. निवास परवान्याची मुदत हप्त्यांच्या आधी संपत असेल तर बँक कदाचित नाहीच म्हणेल. तसं झालं तर मला आनंदच होईल. शिवाय अशा योजनेबरोबर अनेकदा एखादी क्रेडिट मर्यादाही गळ्यात मारतात आणि तिच्यावरचं व्याज मात्र दोन आकडी असतं. सही करायची वेळ आलीच तर ते कलम शोधून वाचा.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकला तो अडीच हजारांचा आकडा. परदेशातून परत येणं हा एक मोठा खर्च असतो आणि तो एकाच महिन्यात अंगावर येतो. घर सोडायची नोटीस तीन महिने आधी द्यावी लागते. डिपॉझिट, म्हणजे काउत्सिऑन, तीन मूळ भाड्यांपर्यंत घेता येतं. तुमच्या घराचं तेवढं भरलं असेल तर ते ३,४५० होतात. घरमालक हिशेब करून ते परत देतो, पण चाव्या दिल्या आणि पैसे मिळाले असं होत नाही, अनेकदा काही महिने जातात. तोवर विमानाची तिकिटं, सामान पाठवणं आणि इकडे नव्या घराचं डिपॉझिट हे सगळं आधीच खिशातून गेलेलं असतं. त्या महिन्यात अडीच हजार पुरणार नाहीत.

आता "घेऊन येऊ"चं बघू. वीज तिकडेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे, पिन तेवढी वेगळी, त्यामुळे वस्तू इकडे चालतील. प्रश्न त्या आणण्याचा आहे. फ्लॅट टीव्हीवरची प्रवाशांची शुल्कमाफी भारत सरकारने ऑगस्ट २०१३ मध्ये काढून घेतली. बॅगेजचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी कस्टम्सचे ताजे नियम जरूर बघा. पण ६५ इंची पॅनल हजारो किलोमीटर आणून, त्यावर शुल्क भरून, शेवटी जर्मन वॉरंटीचा कागद पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरला दाखवायचा, यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही. तेव्हा यादीतली प्रत्येक वस्तू हातातल्या बॅगेत बसते का, एवढं आधी विचारा. घड्याळं बसतात, टॅब्लेट बसतो, कन्सोल कसाबसा बसतो. टीव्ही आणि ट्रेडमिल तिथेच राहणार. तिथे राहणाऱ्या वस्तूची किंमत दुकानातल्या लेबलवर नसते. घेतली केवढ्याला, विकली केवढ्याला, आणि वापरली किती महिने, त्यावर ती ठरते.

टीव्ही आणि साउंडबार मिळून १,४५० ला घेतले, जाताना ५०० आले असं धरा. ९५० गेले, म्हणजे महिना साडेसत्तेचाळीस युरो. तुमच्यासारखंच कोणीतरी शहर सोडताना पन्नास इंची चांगला टीव्ही २२० ला देत असेल, तो तुम्ही वीस महिने बघून शंभराला विकलात तर महिना सहा युरो पडतात. आकडे अंदाजाचे आहेत, प्रमाण मात्र असंच राहतं. क्लाइनआनत्सायगन या जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर असा माल रोज येतो. फक्त खासगी विक्रेत्याकडून घेताना परतीचा हक्क बहुधा नसतो. टीव्ही त्याच्याच घरी लावून बघा, एकरंगी पांढरं चित्र आणून पॅनलवर डाग आहेत का ते तपासा, मग पैसे द्या. नवीन वस्तू घेतलीत तर दोन वर्षं दोषाची जबाबदारी विक्रेत्यावर असते आणि पहिल्या वर्षात दोष मुळात नव्हता हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. ऑनलाइन घेतलेली चौदा दिवसांत परत करता येते. टॅब्लेटसाठी या हक्काचा उपयोग करा. टीव्हीसाठी त्या हक्काचे हजार युरो मोजू नका.

साउंडबार तर सोडाच. रात्री दहानंतर शेजाऱ्याला ऐकू जाईल असं तिकडे काही वाजवायचं नसतं, आणि तुमचे पिक्चर दहानंतरच सुरू होत असणार. टीव्ही असो वा नसो, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरोचा रुंडफुंकबाइट्राग, म्हणजे प्रसारण शुल्क, तुम्ही भरतच असाल. त्या पैशांत एआरडी आणि झेडडीएफ या सार्वजनिक वाहिन्यांचं सगळं ऑनलाइन बघता येतं, ते वसूल करा. भाषा शिकायलाही बरं. केबल मात्र वेगळी. जुलै २०२४ पासून घरमालकाला केबलचे पैसे घरभाड्याबरोबरच्या खर्चात घालता येत नाहीत, त्यामुळे दारावर येऊन करार गळ्यात मारणारे फिरतात. सगळं इंटरनेटवर बघत असाल तर केबलची गरजच नाही.

ट्रेडमिलबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे मी स्वतः पोळलोय. ऐन तिशीत मी दीड वर्ष परदेशी होतो आणि हौसेने व्यायामाची सायकल घेतली होती. पहिला महिना रोज. तिसऱ्या महिन्यात तिच्या हँडलवर ओला टॉवेल वाळत होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी घेणारा आला, ठरलेल्या साठऐवजी चाळीस म्हणाला, आणि शिवाय तीन मजले खाली उतरवायला मलाच हात लावायला सांगितला. मी लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान होतं, करतो काय!

तुमची ट्रेडमिल ऐंशी-नव्वद किलोची असेल. घर जुन्या इमारतीत, लाकडी जमिनीचं असेल तर तुमचं प्रत्येक पाऊल खालच्या घराच्या छतावर पडतं. ज्या गावात जिना झाडायची पाळी कुणाची याच्या केअरवोखेवरून मनं दुखावतात, तिथे हे वैर विकत घेऊ नका. ११०० ची वस्तू ३०० ला गेली तरी ८०० बुडाले, म्हणजे महिना चाळीस युरो. तेवढ्यात बहुतेक ठिकाणी जिमचं सदस्यत्व मिळतं. पण तिथेही तोच सापळा आहे. स्वस्त जिम चोवीस महिन्यांचा पहिला करार करू शकते. मार्च २०२२ नंतरच्या करारांत पहिली मुदत संपली की महिन्याच्या नोटिशीवर सुटता येतं, त्याआधी नाही. घर बदललं म्हणून करार आपोआप मोडत नाही, असं जर्मनीच्या केंद्रीय न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलेलं आहे. तेव्हा दर महिन्याला सोडता येईल असाच करार घ्या, चार-पाच युरो जास्त पडले तरी चालतील.

पुढचं माझ्या सदरात बसत नाही, तरी लिहितो. डिसेंबरात तिकडे साडेचारलाच सूर्य मावळतो. दिवसभर घरी असलेल्या माणसाला आणखी घरातच ठेवणारं यंत्र आणायचं का, हे वहिनींना विचारलंत का? पत्रात त्यांचं मत कुठे दिसलं नाही. गल्लीतल्या स्पोर्टफेराइनची, म्हणजे क्रीडा मंडळाची, वर्षाची वर्गणी विचारून या. सरकारी आरोग्य विम्यात असाल तर मान्यताप्राप्त व्यायाम आणि योगवर्गांच्या फीचा बराच भाग विमा संस्था परत देते, साधारणपणे वर्षाला दोन वर्गांचा. कुटुंब विम्यात असलेल्या पत्नीलाही ते मिळतं. तिथे चार ओळखी होतील आणि वर्गातलं जर्मनही वापरात येईल. बाकी स्टुटगार्टमध्ये चारशेहून जास्त श्टेफेले, म्हणजे टेकडी चढणाऱ्या पायऱ्यांच्या वाटा आहेत. एवढा चढ कोणत्याही ट्रेडमिलला नाही.

तर माझी यादी अशी. वापरलेला टीव्ही २२०, वापरलेला कन्सोल २८०, गेल्या वर्षीच्या मॉडेलची दोन घड्याळं ३००, दुकानाने दुरुस्त करून हमीसह विकलेला टॅब्लेट २७०. एकूण १,०७०. कन्सोल डिस्क घालता येणाराच घ्या. डिस्क विकता येते, डाउनलोड केलेला खेळ नाही. टीव्ही आत्ता, हिवाळ्याआधी घ्या. बाकीचं एकेक करून.

पैसे कुठून? एरवी मी एसआयपी थांबवा म्हणत नाही. पण युरो ढोबळमानाने शंभर रुपये धरला तर दोन वर्षांत तुम्ही ४.३२ लाखांची गुंतवणूक थांबवणार होतात. तीच सहा महिने थांबवा, म्हणजे १.०८ लाख, तेवढ्यात ही यादी रोखीने पुरी होते. बऱ्याच फंडांत काही महिन्यांपुरती एसआयपी थांबवण्याची सोय असते, त्यासाठी ती रद्द करावी लागत नाही. सातव्या महिन्यात ती पुन्हा सुरू व्हायला हवी, तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका.

शिल्लक वाढवायला एक जागा आहे. तुम्ही जर्मनीत गेलात त्या अर्धवट वर्षाचं करविवरणपत्र भरलंत का? पगारातून कर कापताना बारा महिने तेवढाच पगार मिळेल असं धरतात, त्यामुळे अशा वर्षात जास्त कर कापला गेलेला असण्याची शक्यता बरीच. ज्यांना विवरणपत्र सक्तीचं नाही त्यांनाही ते चार वर्षांपर्यंत भरता येतं. जे परत येईल ते थेट परतीच्या खर्चासाठी वेगळं ठेवा, त्यातून साउंडबार नको.

शेवटी मलाच तुम्हाला एक विचारायचंय. ही एसआयपी जाते कुठल्या खात्यातून? जायच्या आधीच्या साध्या बचत खात्यातून जात असेल तर ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं, करून घ्यायला हवं आणि फंडांच्या केवायसीतही अनिवासी अशी नोंद हवी. त्या फंडांतला नफा जर्मन करविवरणपत्रातही दाखवावा लागतो, ते तिकडच्या करसल्लागाराशी बोला. खात्याचा प्रकार मला कळवा. तोवर दुकानदाराला फोन करून हप्ते नकोत म्हणून सांगा.