मर्सेडची ऑफर: घ्यावी की नाही?

तुमचा प्रश्न असा की जलसंसाधन विषयात एम.टेक. झालंय, युसी (कॅलिफोर्निया विद्यापीठ) मर्सेडहून एन्व्हायर्न्मेंटल सिस्टम्समध्ये पीएचडीची ऑफर हातात आहे आणि घरचे म्हणताहेत, एवढ्या लांब जायचं तर नाव नसलेल्या छोट्या कँपसला कशाला? मी तिथूनच पीएचडी केली आणि अजून कॅलिफोर्नियातच राहते, तेव्हा माझा कल कुठे असणार ते उघड आहे. तरी माझ्या मते घ्यावी, पण पैशांचं एक कलम आधी नीट वाचून.

नाव नाही, कारण वय नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहा कँपसांतला हा सगळ्यांत धाकटा, २००५ मध्ये सुरू झालेला. २००९ मध्ये पहिली पूर्ण चार वर्षांची तुकडी बाहेर पडली, तेव्हा पोरांनी पत्रांचा मारा करून मिशेल ओबामांना पदवीदानाला आणलं होतं. आज विद्यार्थी नऊ हजारांच्या आसपास आहेत. अमेरिकन विद्यापीठांच्या २०२५ च्या कार्नेगी वर्गीकरणात मर्सेडला आर-१ दर्जा मिळाला, म्हणजे संशोधनाच्या सर्वांत वरच्या गटात बर्कलीच्या पंगतीत नाव लागलं. घरी हे अवश्य सांगा.

स्वतः मात्र त्यावर फार विसंबू नका. वर्षाला किमान ५ कोटी डॉलर संशोधनखर्च आणि किमान ७० संशोधन डॉक्टरेट, एवढ्या दोन अटी पूर्ण केल्या की आर-१. ही अख्ख्या कँपसची बेरीज झाली. तुमच्या गाइडचे विद्यार्थी किती वर्षांत सुटतात आणि सुटल्यावर कुठे जातात, हे त्यात कुठेच दिसत नाही.

तुमच्या विषयापुरतं बोलायचं तर जागा योग्य आहे. कँपस सेंट्रल व्हॅलीत. एका बाजूला सिएरा नेवाडाचा बर्फ, दुसऱ्या बाजूला त्या बर्फाच्या पाण्यावर आणि भूजलाच्या उपशावर चालणारी शेती. पाण्याचा प्रश्न तिथे प्रयोगशाळेच्या दारातच आहे. रॉजर बेल्स हे सुरुवातीच्या प्राध्यापकांपैकी एक. डोंगरातल्या बर्फाचं आणि मातीतल्या ओलाव्याचं मोजमाप हे त्यांचं काम. २०२१ मध्ये ‘नेचर सस्टेनॅबिलिटी’त आलेला कालव्यांचा अभ्यास तुम्ही वाचला असेलच. कॅलिफोर्नियातल्या सुमारे ४,००० मैल कालव्यांवर सौर पॅनेल टाकले तर बाष्पीभवन घटून वर्षाला सुमारे ६,३०० कोटी गॅलन पाणी वाचेल, असा तो हिशेब. मर्सेड आणि युसीच्याच सांताक्रूझ कँपसचं हे संयुक्त काम. मुख्य लेखिका मर्सेडचीच पीएचडी. पुढे राज्याच्या २ कोटी डॉलरच्या निधीतून टर्लॉक इरिगेशन डिस्ट्रिक्ट या तिथल्या सिंचन संस्थेच्या कालव्यांवर त्याचा प्रत्यक्ष प्रयोग झाला. (गुजरातेत नर्मदेच्या शाखा कालव्यावर असे पॅनेल २०१२ मध्येच लागले होते. हे तिथे बिनधास्त बोलून दाखवा, चर्चेला छान सुरुवात होते.)

छोट्या कँपसचा खरा फायदा मोजणीत येत नाही. ठरावीक विभागांच्या भिंतींऐवजी तिथे वेगवेगळ्या विषयांच्या प्राध्यापकांचे ग्रॅज्युएट ग्रुप असतात, त्यामुळे प्रबंधाच्या कमिटीत जलशास्त्राबरोबर अर्थशास्त्राचा माणूस घेणं सहज जमतं. ग्रॅड स्लॅम ही युसीच्या सगळ्या कँपसांची, तीन मिनिटांत आपलं संशोधन सांगायची स्पर्धा घ्या. प्रत्येक कँपसचा एकच विजेता अंतिम फेरीत जातो, मग कँपस केवढाही असो. ग्रंथालयाचीही अडचण नाही, जर्नल्स दहाही कँपसांना मिळून घेतली जातात. तोटा असा की गाइडशी पटलं नाही तर त्याच विषयातला दुसरा गाइड मिळेलच असं नाही. तुमच्या उपविषयात प्राध्यापक दोन-तीनच असणार आणि त्यातला एक निवृत्तीला आलेला असू शकतो.

आता पैसे. युसीत परदेशी विद्यार्थ्याला नेहमीच्या शुल्कावर आणखी वर्षाला १५,१०२ डॉलर अनिवासी शुल्क लागतं. अमेरिकन विद्यार्थी वर्षभरात कॅलिफोर्नियाचा रहिवासी होऊन त्यातून सुटतो, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्याला ती सोय नाही. पीएचडीत क्वालिफायर परीक्षा पास होऊन कँडिडसी, म्हणजे प्रबंधाच्या टप्प्यात अधिकृत प्रवेश, मिळाली की जास्तीत जास्त तीन वर्षं हे शुल्क माफ होतं. त्याआधीच्या वर्षांत ते कोण भरणार, हे ऑफर लेटरमध्ये स्पष्ट लिहिलेलं हवं. टीएशिपमध्ये (शिकवण्यात मदत करायच्या नोकरीत) नेहमीचं शुल्क सुटतं, पण अनिवासी शुल्कही आपोआप सुटेल असं धरू नका. माझ्या ओळखीत एकाची दुसऱ्या वर्षी यावरूनच पळापळ झाली होती. क्वालिफायर लवकर देण्यामागे हेही एक कारण आहे, गाइडलाही ते हवंच असतं.

युसीतल्या टीए आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या २०२२ च्या संपानंतर झालेल्या करारात अर्धवेळ टीएचं किमान वेतन नऊ महिन्यांना ३४,००० डॉलरपर्यंत आलं. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोला ३६,५००. फरक अडीच हजारांचा, आणि बे एरियातलं (बर्कली-सॅन फ्रान्सिस्को भागातलं) घरभाडं तो दोन-तीन महिन्यांत गिळतं. उन्हाळ्याचे तीन महिने मात्र वेगळे विचारा.

राहणीचं थोडक्यात. गाडी लागते. उन्हाळा भाजून काढतो, हिवाळ्यात दाट धुकं उतरतं आणि तेव्हा हायवेवर जपून. योसेमिटीला थेट बस जाते. जवळच्या लिव्हिंग्स्टनला पंजाबी शेतकऱ्यांची जुनी वस्ती आहे, त्यामुळे आपली माणसं भेटतात. मराठी मात्र शोधावे लागतात.

आता गाइडला ईमेल करा. अनिवासी शुल्क, उन्हाळ्यातला पगार, गाइडची संशोधन-ग्रांट कधी संपते, आणि गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची नावं, एवढंच विचारा. त्या विद्यार्थ्यांपैकी दोघांशी फोनवर बोला. लेखी कुणी खरं सांगत नाही. फंडिंगसह आलेल्या ऑफरवर बहुतेक अमेरिकन विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत थांबतात, तेव्हा कुणी त्याआधी घाई करत असेल तर ती तारीख आठवण करून द्या.