आईची एफडी मोडून ‘फर्स्ट कॉपी’ फोनचा माल भरावा का?

लातूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. भाडं, लाईटबिल जाऊन महिन्याला १८ ते २० हजार सुटतात. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने त्यांना आयफोन आणि सॅमसंगच्या महागड्या मॉडेलांच्या चिनी ‘फर्स्ट कॉपी’, म्हणजे हुबेहूब दिसणाऱ्या नकली प्रती, देऊ केल्या आहेत. नग ६ हजारांना पडतो, ९ हजारांना विकला जाईल. २५ नगांसाठी दीड लाख हवेत, आणि ते आईच्या नावावरची एफडी मोडून उभे करायचा विचार आहे. १० हजार टोकन देऊन झालंय. व्यापारी बिल देत नाही, फक्त ‘चेकिंग वॉरंटी’ देतो. वाचक लिहितात, “कॉपी आहे हे गिऱ्हाइकाला सांगूनच विकणार. दोन महिन्यांत ७५ हजार सुटले तर काय वाईट?”

माझं उत्तर आधी देतो: एफडी मोडू नका, आणि हा माल कुठल्याच पैशाने घेऊ नका.

तुमचे ७५ हजार एका गोष्टीवर उभे आहेत: पंचवीसच्या पंचवीस फोन विकले गेले आणि एकही परत आला नाही. चेकिंग वॉरंटी म्हणजे व्यापाऱ्याच्या काउंटरवर फोन चालू होतो एवढीच हमी. पुढची जबाबदारी तुमची. एक फोन परत आला की गिऱ्हाइकाचे ९ हजार द्यावे लागतात आणि हातात उरलेल्या डब्याला किंमत नसते. असे ८ फोन परत आले की ७२ हजार गेले, म्हणजे जवळपास सगळा नफा साफ. तिघांतला एक फोन परत येणं या मालात अशक्य आहे का? तुम्ही कारागीर आहात, याचं उत्तर तुम्हालाच जास्त नेमकं ठाऊक असेल.

यातला एखादा फोन हातात घेऊन बघा. बाहेरून तीन कॅमेरे दिसतात, पण बोटाने एकेक झाकून बघितलं तर बहुतेक वेळा एकच चालतो. ‘अ‍ॅप स्टोअर’च्या चिन्हावर टिचकी मारली की गुगल प्ले उघडतं, कारण आत अँड्रॉइड आहे आणि वर फक्त आयफोनचा मुखवटा. सेटिंगमध्ये २५६ जीबी लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात जागा त्याच्या कितीतरी कमी. ती भरली की फोटो उघडेनासे होतात. २०२२ साली डॉक्टर वेब या सायबर सुरक्षा कंपनीने अशा काही नकली फोनची तपासणी केली. त्यांत अँड्रॉइड १० असल्याचं दिसत होतं, आत निघालं ४.४.२, म्हणजे २०१३-१४ च्या काळातलं. अशा फोनवर बँकेची कित्येक अ‍ॅप चालत नाहीत. मग गिऱ्हाईक चौथ्या दिवशी तुमच्याच दारात.

आणि तो दुरुस्त तरी कसा करणार? अस्सल आयफोनचं फोल्डर (काच आणि डिस्प्लेचा जोड) त्याला बसत नाही, आतला कनेक्टरच वेगळा. नकली मॉडेलचे सुटे भाग पुन्हा त्याच व्यापाऱ्याकडून आणायचे, मिळाले तर. तुमचं कसब हे तुमचं खरं भांडवल, आणि नेमकं तेच या मालाच्या कामी येत नाही.

आता कायद्याचं. ‘सांगून विकणार’ यात तुमचा प्रामाणिकपणा दिसतो, पण कायद्यापुढे तो बचाव होत नाही. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात खोट्या चिन्हाचा माल विकणाऱ्याला किमान ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. माल नकली असल्याची शंका यायचं कारणच नव्हतं, हे सिद्ध केलं तर सुटका होऊ शकते. तुम्हाला तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यात आयएमईआयचा, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाचा प्रश्न. असे नंबर बनावट किंवा दुसऱ्या फोनवरून उचललेले असू शकतात. २०२० साली मेरठ पोलिसांना एकाच आयएमईआयवर चालणारे १३ हजारांहून जास्त फोन सापडले होते. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात आयएमईआयशी छेडछाड केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि सरकार असे फोन एका तारखेला बंदही करू शकतं: खरा आयएमईआय नसलेल्या हँडसेटची सेवा १ डिसेंबर २००९ पासून थांबवली गेली होती. तेव्हा बंद पडलेले मोठ्या आवाजाच्या स्पीकरचे ‘चायना मोबाईल’ तुमच्या बाजारातल्या जुन्या लोकांना आठवत असतील.

समजा १५ फोन विकले आणि धाड पडली. १५ फोनांचा नफा ४५ हजार, जप्त झालेल्या १० नगांची खरेदी ६० हजार. म्हणजे १५ हजार तोटा, आणि वकिलाचा खर्च अजून धरलेलाच नाही. बिल नसल्यामुळे व्यापाऱ्याकडे बोट दाखवायलाही तुमच्याकडे कागद नाही.

याहून मला जास्त काळजी गिऱ्हाइकाची वाटते. एप्रिल २०२५ मध्ये कॅस्परस्की या कंपनीने जाहीर केलं की लोकप्रिय फोनच्या नकली प्रतींमध्ये ‘ट्रायाडा’ नावाचा व्हायरस आधीच भरलेला सापडतोय. तो थेट फर्मवेअरमध्ये, म्हणजे फोनच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये असतो, त्यामुळे फॅक्टरी रीसेट मारूनही जात नाही. एसएमएस वाचतो, व्हॉट्सअ‍ॅपचं खातं पळवतो. ती प्रकरणं मुख्यतः रशियातली होती. पण एसएमएस वाचणारा फोन म्हणजे ओटीपी वाचणारा फोन, आणि आपल्याकडे रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांचं बँक खातं आज फोनवर आहे. कुणाचे ४० हजार गेले तर तो माणूस व्यापाऱ्याला शोधायला मुंबईला जाणार नाही. तो तुमचं दुकान ओळखतो.

टोकनचे १० हजार जातील म्हणून उरलेले १ लाख ४० हजार घालायचे, हा हिशेब करू नका. ते पैसे मागा, मिळाले तर उत्तम. व्यापारी रोख देत नसेल तर तेवढ्या रकमेचे बिनब्रँडचे टेम्पर्ड ग्लास आणि कव्हर घ्या. तेही नाही दिलं तर ते पैसे गेले असं धरून थांबा.

एफडी आईची आहे. मुदतीआधी मोडली तर बँका सहसा व्याजात अर्धा ते एक टक्का कापतात, पण तो मुद्दा लहान आहे. तुमच्या पत्रात दुसऱ्या कुठल्याच बचतीचा उल्लेख नाही. आईच्या आजारपणात धावून येणारी ही एकच रक्कम असेल, तर ती धंद्याच्या जोखमीत घालायचीच नाही.

दुकान वाढवायचंय ही इच्छा मात्र अगदी योग्य आहे. ४० हजारांत सुरुवात होऊ शकते. आई मनापासून तयार असतील तर एफडी न मोडता तिच्यावर कर्ज मिळतं, सहसा एफडीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त व्याजाने. ८.५ टक्के धरले तर ४० हजारांचं वर्षाचं व्याज ३,४०० रुपये, आणि एफडीचं व्याज चालूच राहतं. त्याहून मला मुद्रा योजनेतलं ‘शिशु’ कर्ज बरं वाटतं: ५० हजारांपर्यंत, विनातारण, तुमच्या स्वतःच्या नावावर. आईची एफडी त्यात येतच नाही.

या पैशातले निम्मे तुमच्याकडे सगळ्यात जास्त येणाऱ्या चार-पाच मॉडेलांच्या फोल्डर आणि बॅटऱ्यांत घाला. “उद्या या” म्हणून परत पाठवलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं, ते थांबेल. उरलेल्या निम्म्यात अस्सल जुने फोन घ्या, दुरुस्त करा, विका. स्वस्तात चांगला फोन हवा असणाऱ्या ज्या माणसाला तुम्ही कॉपी विकणार होतात, त्याला हाच द्या.

जुना फोन घेताना मात्र ढिलाई नको. *#०६# डायल करून आयएमईआय बघा, ‘केवायएम’ (KYM) लिहून जागा सोडा, पुढे तो १५ आकडी नंबर टाकून १४४२२ वर एसएमएस करा, किंवा ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर तपासा. उत्तरात आलेलं मॉडेल आणि हातातला फोन जुळला पाहिजे. मूळ बिल किंवा खोका मागा, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा आणि वहीत त्याची सही घ्या. चोरीचा फोन निघाला तर ठाण्यात तुमच्या बाजूने बोलणारी तीच वही असेल.